वजन उतरवू नका, थोपवा: लठ्ठ मुलाच्या हृदयासाठी काय मोजायचं, काय बदलायचं

‘बाळसं आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल’ हे वाक्य अर्धं खरं आहे. उंची वाढताना मूल सडसडीत होतं, पण तेवढा काळ वजन थोपवून धरलं तरच. सोडून दिलं तर वजन उंचीच्या पुढे पळतं. आकडेच मांडून पाहू.

नऊ वर्षांचा मुलगा, उंची १३४ सेंमी, वजन ४० किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १.३४ गुणिले १.३४ म्हणजे साधारण १.८, आणि ४० ला त्याने भागलं की येतात २२.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ वर्षांच्या मुलग्यांसाठी लठ्ठपणाची रेघ २०.५ वर आहे. हा मुलगा तिच्या बराच वर. या वयात उंची वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढते, म्हणजे दोन वर्षांनी तो १४५ सेंमीचा होईल. तोवर वजन वर्षाला ५ किलोने वाढत ५० वर गेलं, तर बीएमआय २३.८. अकराव्या वर्षी रेघ २२.५ वर असते, म्हणजे तो अजून लठ्ठच. आता तीच दोन वर्षं, पण वजन फक्त २ किलोने वाढलं असं धरा. ४२ किलो, बीएमआय २०. लठ्ठपणाच्या गटातून बाहेर, आणि ‘जास्त वजन’ जिथे सुरू होतं त्या १९.२ च्या अगदी जवळ. यात एक किलोही उतरवलेला नाही.

वाढत्या वयातल्या बहुतेक मुलांसाठी हेच उद्दिष्ट ठेवायचं. वजन प्रत्यक्ष कमी करायची वेळ येते ती लठ्ठपणा फारच जास्त असेल किंवा उंची वाढायची थांबली असेल तेव्हा. त्यातही आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

हृदयापर्यंत हे पोचतं कसं

पोटाच्या आत आणि यकृतात साठलेली चरबी शरीराला इन्सुलिनची दाद लागू देत नाही. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडतं. यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी ओतत राहतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, खाली येतं. जास्तीचं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, त्याने रक्तदाब चढतो. शरीर मोठं म्हणून त्यात फिरणारं रक्तही जास्त. ते ढकलता ढकलता हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. धमन्यांचं आतलं अस्तर कडक होऊ लागतं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, बोगालुसा इथे १९७० च्या दशकात सुरू झालेल्या दीर्घ पाहणीत अकाली गेलेल्या तरुणांच्या शवविच्छेदनात धमन्यांमध्ये चरबीच्या रेषा सापडल्या. ज्यांचं वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकत्र वाढलेलं होतं, त्यांच्यात त्या जास्त होत्या.

यातलं काहीही मुलाला जाणवत नाही. ते खेळतं, शाळेत जातं, छातीत दुखत नाही. म्हणून मोजावं लागतं.

दिलासा देणारी बाजूही तेवढीच पक्की आहे. कोपनहेगनच्या पावणेतीन लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास २००७ साली आला. लहानपणीचा बीएमआय जितका जास्त, तितका पुढे हृदयविकाराचा धोका जास्त, आणि हे नातं सातव्या वर्षापेक्षा तेराव्या वर्षी अधिक घट्ट होतं. २०११ मध्ये अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या चार पाहण्या एकत्र करून दुसरं उत्तर मिळालं: लहानपणी वजन जास्त असूनही मोठेपणी जे लठ्ठ राहिले नाहीत, त्यांचा मधुमेह, रक्तदाब आणि धमन्या जाड होण्याचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास आला. २०१८ च्या डेन्मार्कच्या अभ्यासात मधुमेहाबाबत हेच दिसलं. सातव्या वर्षी जाड असलेले जे मुलगे तेराव्यापर्यंत सावरले, त्यांचा पुढचा धोका इतरांइतकाच राहिला. कामाला हाताशी असलेली वर्षं हीच.

उंची चुकली की सगळं चुकतं

घरच्या मोजमापात वजनाचा काटा सहसा दगा देत नाही, उंची देते. वरच्या मुलाची उंची दोन सेंमी कमी मोजली गेली तर बीएमआय २२.३ ऐवजी २३ दिसतो. फरक ०.७ चा, आणि मेहनतीच्या सहा महिन्यांत बीएमआय तेवढाच हलतो.

खाली पट्टी किंवा गालिचा नसलेली सपाट भिंत निवडा. बूट-मोजे काढा, वेणी किंवा अंबाडा सोडा. टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकलेले, टाचा जुळलेल्या. नजर सरळ समोर. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत हवं. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण मुलं उंच दिसायला हनुवटी वर करतात आणि त्याने उंची उलट कमी भरते. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून डोक्यावर दाबून टेकवा, त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीने खूण करा आणि स्टीलच्या टेपने जमिनीपासून मोजा. शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते, ती नको. दोनदा मोजा, अर्ध्या सेंमीहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दिवसभरात पाठीचे मणके दबून उंची सुमारे एक सेंमीने घटते, म्हणून दर वेळी तीच वेळ पाळा, शक्यतो सकाळची.

वजन सकाळी, लघवीनंतर, हलक्या कपड्यांत, काटा कडक फरशीवर ठेवून. महिन्यातून एकदा बास. रोज काट्यावर उभं केलं तर पाणी आणि जेवणाचा एक किलोचा चढउतार दिसतो, आणि मुलाचा दिवस त्या आकड्यावर ठरू लागतो.

बीएमआय दर तीन महिन्यांनी काढून वाढीच्या तक्त्यावर टिंब द्या. मोठ्यांचे २५ आणि ३० हे आकडे मुलांना लावायचे नाहीत. वय आणि मुलगा-मुलगी पाहून रेघ बदलते. पाच वर्षांवरील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सरासरीच्या वरची पहिली रेघ जास्त वजनाची, दुसरी लठ्ठपणाची. पाचच्या आत हिशेब वेगळा असतो, तो बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत त्याच बीएमआयला चरबी जास्त असते, त्यामुळे त्यांच्यासाठी रेघा खाली धरणारे तक्ते वापरले जातात. एका टिंबावरून घाबरू नका. तीन-चार टिंबं कुठल्या दिशेने चालली आहेत ते बघा.

लहान मुलांबाबत एक खूण फारशी कुणी सांगत नाही. वर्षाच्या आसपास बीएमआय कळसाला जातो, मग उतरतो, आणि साधारण पाच-सहा वर्षांचं झाल्यावर पुन्हा चढायला लागतो. हा चढ चौथ्या वर्षाच्या आतच सुरू झाला तर पुढे लठ्ठपणाची शक्यता जास्त. मूल तेव्हा जाड दिसतही नसतं.

कमरेचा घेर मोजायला शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरा, बेंबीवरच असं नाही. मुलाला सहज श्वास सोडू द्या आणि तेव्हा वाचा. पोट आत ओढू देऊ नका. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. १३४ सेंमीच्या मुलाला ६७. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा, आणि आतल्या चरबीबद्दल बीएमआयपेक्षा थेट बोलतो.

रक्तदाब: पट्टा छोटा, आकडा मोठा

तीन वर्षांनंतर प्रत्येक मुलाचा बीपी वर्षातून एकदा तपासावा, लठ्ठ मुलाचा डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत. दंडाला नेहमीचा छोटा पट्टा कसाबसा गुंडाळला की आकडा खोटाच जास्त येतो. जाड दंडाच्या मुलांत हे सर्रास होतं. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. दंड २५ सेंमीचा असेल तर पिशवी १० सेंमी रुंद. तेरा-चौदा वर्षांच्या जाड मुलाला मोठ्या माणसांचा, कधी त्याहूनही मोठा पट्टा लागतो. तो मागून घ्यायला संकोचू नका.

मूल तीन ते पाच मिनिटं शांत बसलेलं हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात हृदयाच्या पातळीवर. उजवाच, कारण मुलांचे संदर्भ-तक्ते त्या हातावर बेतलेले आहेत. मोजताना बोलणं नाही. तेरा वर्षांपासून १२०/८० च्या वर लक्ष ठेवायचं आणि १३०/८० पासून पुढे उच्च रक्तदाब मानायचा. त्याआधी आकडा वय, लिंग आणि उंचीच्या तक्त्यात बघावा लागतो. ‘११८/७८, एकदम नॉर्मल’ हे मोठ्यांसाठी ठीक, सात वर्षांच्या मुलासाठी तो उच्च रक्तदाब आहे. एकाच मोजणीवर शिक्का बसत नाही. तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त आला तरच निदान होतं.

रक्ताच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा मुलाची नसते

दहा वर्षांवरील लठ्ठ मुलाचं लिपिड (रक्तातल्या चरबीचे घटक), साखर आणि एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) तपासायला हवं. त्याहून लहान मुलात लिपिड बघायचं का हे डॉक्टर घरातला इतिहास पाहून ठरवतात. आई, वडील, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांच्यापैकी पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते स्वतःहून सांगा.

रिपोर्टच्या उजव्या रकान्यातली मर्यादा बहुधा प्रौढांची असते, त्यामुळे मुलाचा बिघडलेला आकडा ठळक छापला जात नाही आणि नजरेतून सुटतो. मुलांसाठी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११० मिग्रॅच्या खाली हवं, १३० पासून जास्त. ट्रायग्लिसराइड नऊ वर्षांपर्यंत ७५ च्या खाली चांगलं आणि १०० पासून जास्त. दहा ते एकोणीस वयात ९० च्या खाली चांगलं, १३० पासून जास्त. रकान्यात मात्र १५० दिसेल. एचडीएल ४५ च्या वर चांगलं, ४० च्या खाली कमी. एएलटीची छापील मर्यादा ४० च्या आसपास असते. मुलग्यात २६ आणि मुलीत २२ च्या वर गेलं की यकृतातल्या चरबीची शंका घ्यायची. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज) ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

मूल उपाशी राहायला तयार नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. हा आकडा जेवल्यावरही चालतो. १२० च्या खाली ठीक, १४५ पासून जास्त. आणखी एक गोम: वयात येताना एलडीएल काही काळ स्वतःच खाली येतं. तेराव्या वर्षीचा चांगला रिपोर्ट पुढची कायमची हमी समजू नका.

मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली तर ती मळ समजून घासू नका. ती बहुधा इन्सुलिनला दाद न मिळण्याची खूण असते, आणि घासून फक्त कातडी सोलवटते.

बदल: एका वेळी एक

सगळं एकाच सोमवारी बदललं की घर तिसऱ्या आठवड्यात जुन्या वाटेला लागतं. एक बदल, दोन आठवडे, मग पुढचा.

पहिला नंबर प्यायच्या गोष्टींचा. कमी भांडणात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. शीतपेयाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर, जवळपास नऊ चमचे. दोन ते अठरा वयासाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २५ ग्रॅम. ही साखर पोट भरत नाही, म्हणून पुढचं जेवण कमी होत नाही. फळांचा रसही यातलाच. २०० मिलीमध्ये २० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि ‘वरून साखर घातलेली नाही’ हे लिहिलेलं खरं असलं तरी त्याने ती कमी होत नाही. फळ चावून खाऊ द्या. दुधात घालायच्या गोड पावडरी बंद. दूध दिवसाला ५०० मिलीपर्यंत, दोन वर्षांनंतर कमी चरबीचं चालतं. दोनच्या आतल्या बाळाच्या जेवणातली चरबी मात्र तोडू नका, मेंदूच्या वाढीला ती लागते.

घटकांच्या यादीत पहिल्या तीनांत साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा फळांचा अर्क दिसला तर तो पदार्थ गोडात धरा. आकडे ‘एका वाढणीचे’ असतात आणि पाकिटात तीन वाढण्या असतात, हा जुना खेळ. १०० ग्रॅमचा रकाना वाचा.

दुसरा बदल ताटाचा. निम्मं ताट भाजी आणि फळ, पाव धान्य, पाव कडधान्य, अंडं, मासा किंवा तत्सम. भांडी ओट्यावर ठेवून वाढा, समोर ठेवलेलं पातेलं हात ओढतं. दुसरी वाढ मागितली तर पंधरा-वीस मिनिटं थांबून, आधी भाजी. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते मुलाने. ‘ताट चाटून पुसून संपव’ आणि ‘बास झालं आता’ ही दोन्ही वाक्यं मुलाला स्वतःच्या भुकेपासून तोडतात.

तेल चमच्याने मोजायच्या फंदात पडू नका, महिन्याच्या बाटल्या मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर संपलं तर माणशी रोज ३३ मिली, म्हणजे नुसत्या तेलातून २७० च्या आसपास कॅलरी. तीन लिटरवर आणलं की माणशी रोज ७० कॅलरी गेल्या, आणि चवीत कुणाला कळतही नाही. मिठासाठी पाकिटावरचं सोडियम पाहा. त्याला अडीचने गुणलं की मीठ. मोठ्या माणसाची मर्यादा ५ ग्रॅम आहे, मुलाची त्याहून कमी.

तिसरी झोप, जिला कुणी औषध मानत नाही. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास, तेरा ते अठराला ८ ते १०. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडच खावंसं वाटतं. फोन आणि टीव्ही झोपायच्या खोलीबाहेर. आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना सांगा. झोपेतला हा अडथळा रक्तदाब वाढवतो.

मग हालचाल. पाच ते सतरा वयाला रोज ६० मिनिटं, तीन दिवस जोराची. श्वास इतका वाढला पाहिजे की बोलता येईल, पण गाता येणार नाही. बसून राहणाऱ्या मुलाला १५ मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच वाढवा. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. जाड मुलाला धावायच्या शर्यतीत उभं करणं ही जुनी चूक. ते शेवटचं येतं, हसू होतं, आणि दुसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागतं. ढकलणं, ओढणं, उचलणं यात तेच मूल इतरांहून ताकदवान असतं. पोहणं आणि सायकल गुडघ्यांना सोसतात. मांड्या घासून सोलवटत असतील तर लांब घट्ट चड्डी द्या, खेळ टाळायचं खरं कारण कित्येकदा एवढंच असतं. काटा न हलताही व्यायामाने बीपी आणि इन्सुलिनचं काम सुधारतं, तेव्हा वजन हललं नाही म्हणून खेळ बंद करू नका.

अडतं कुठे

एका घरात दोन ताटं टिकत नाहीत. सडपातळ भावंडाला बिस्किटं आणि याला काकडी, असं झालं की हे मूल चोरून खायला शिकतं. घरात एकच नियम हवा, आणि तो आईवडिलांनाही लागू. आजी-आजोबांशी भांडू नका. लाड खाऊऐवजी फिरायला नेण्यातून करा, असं काम त्यांच्याकडेच सोपवा. गोड पदार्थ बक्षीस म्हणून देऊ नका, शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नका. ‘जाड्या’, ‘ढोल्या’ हे प्रेमानेही नको. चिडवलेली मुलं जास्त खातात आणि कमी हलतात. उपास, जेवण चुकवणं, वजन उतरवायच्या पावडरी वाढत्या मुलाला अजिबात नकोत.

सगळं नीट करूनही वजन थोपत नसेल तर उंचीकडे बघा. खाण्यामुळे जाड झालेलं मूल वयाच्या मानाने सहसा उंच असतं. जाड आणि बुटकं मूल, किंवा उंची वाढायची थांबलेलं, हे थायरॉइड किंवा कॉर्टिसोल या संप्रेरकांच्या दोषाकडे बोट दाखवतं. पाच वर्षांच्या आत सुरू झालेला तीव्र लठ्ठपणा आणि न भागणारी भूक असेल तर जनुकीय कारण शोधावं लागतं. स्टेरॉइड, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट किंवा मानसिक त्रासावरचं रिस्पेरिडोन हे औषध चालू असेल तर वजन त्यानेही वाढतं. मनाने बंद मात्र करू नका.

काही गोष्टी तपासणीच्या तारखेपर्यंत थांबवायच्या नाहीत: खेळताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी किंवा धूसर दिसणं, खूप तहान आणि लघवी होऊन वजन झपाट्याने उतरणं. लंगडणं आणि मांडी किंवा गुडघ्यात दुखणं हेही त्याच दिवशी दाखवायचं. जाड मुलांत कधी कधी खुब्याच्या हाडाचं टोक सरकतं, दुखतं मात्र गुडघ्यात, आणि गुडघ्याचा एक्स-रे साफ येतो. खुब्याचा एक्स-रे मागा. तोवर चालवू नका.

सहा महिने प्रामाणिकपणे करूनही आकडे हलले नाहीत, तर औषधाचा विषय काढायला लाजू नका. बारा वर्षांपासून लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधांना काही देशांत मान्यता आहे. देणं न देणं तज्ज्ञांनी ठरवायचं, आणि ताटातले बदल चालू ठेवूनच. एलडीएल १९० च्या वर टिकून असेल तर तो बहुधा आनुवंशिक दोष असतो. तो नुसत्या पथ्याने सुटत नाही, आणि सडपातळ भावंडांचीही तपासणी करावी लागते.

वजन रेघेखाली आल्यावरही वर्षातून एकदा उंची, वजन, कंबर आणि बीपी वहीत लिहीत राहा. वयात येताना उंचीबरोबर वजनही झपाट्याने वाढतं. मुलींत हे आधी. त्या काळात नियम कडक करू नका, फक्त टिंबं दर दोन महिन्यांनी द्या. मूल अठरा वर्षांचं झालं की वही आणि जुने रिपोर्ट त्याच्या हाती सोपवा. मोठ्यांच्या डॉक्टरांकडे तो पहिल्यांदा जाईल तेव्हा रक्तदाब कधीपासून चढलेला आहे हे त्यात लिहिलेलं असेल.